सतराव्या खणातली नऊ हाडं

१

सतरावा खण उघडला तेव्हा त्यात बासष्टऐवजी त्रेपन्न हाडं होती.

हाडं म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतात तशी ही हाडं नव्हेत. वालाच्या दाण्याएवढी, एखादं पावट्याएवढं. पण ज्या जनावराची ती होती ते बैलापेक्षा मोठं होतं. झाडाला उलटा लटकून दिवसभर झोपणारा स्लॉथ आपण चित्रात पाहतो, त्याचा हा जमिनीवरून चालणारा अवाढव्य भाऊबंद. नाव मिलोडॉन. दक्षिण अमेरिकेच्या अगदी टोकाकडे, एका गुहेत, बारा-तेरा हजार वर्षांपूर्वी मेला. गुहा थंड आणि कोरडी, म्हणून त्याचं कातडं टिकलं, तांबूस केस टिकले, शेणसुद्धा टिकलं. कातड्याच्या आत ही दाण्यांसारखी हाडं पेरलेली असायची, चिलखतासारखी. त्या कातड्याचा हातभर तुकडा आणि सुटी झालेली बासष्ट हाडं कुणा जहाजावरच्या डॉक्टरनं गेल्या शतकात नॉटिंगहॅमला आणली आणि आमच्या इथल्या एका छोट्या म्युझियमला देऊन टाकली.

त्या म्युझियमच्या प्रमुख डॉ. ओल्डरशॉ यांनी १७ मार्च १९९२ ला, मंगळवारी सकाळी, मला हॉस्पिटलात फोन केला. मी रेडिओलॉजिस्ट. नाव श्रीनिवास घैसास. आमच्या मराठी मंडळात मात्र मला 'हरवलेलं शोधणारे घैसास' म्हणतात. एका गणपतीत सुहासिनी जोगांचं मंगळसूत्र मी मोदकांच्या उकडीच्या परातीत शोधून दिलं, तेव्हापासून कुणाची चावी हरवली तरी फोन माझ्याकडे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

हा फोन तसला नव्हता. बाई थंडपणे म्हणाल्या की हाडांची चोरी झाली आहे, आणि ती मिस्टर कानिटकरांनी केली असं सगळे पुरावे सांगतात. घरच्यांना सांगण्याआधी कुटुंबाच्या मित्राला सांगावं, म्हणून फोन.

शशिधर कानिटकर माझा तीस वर्षांचा मित्र. त्या खणाचा अठरा वर्षं राखणदार. चार महिन्यांपूर्वी मी त्याच्या चितेला, म्हणजे इथल्या क्रेमॅटोरियमच्या त्या सरकत्या पडद्याला, हात जोडले होते.

२

शशीनं आयुष्यात एकच मोठं काम केलं. त्या जनावराची सूची. प्रत्येक हाडाचं माप, चित्र, फोटो, वर्णन. पुस्तक छापखान्यात होतं आणि मुखपृष्ठावर त्याचं नाव होतं. गुरुवारी म्युझियमच्या विश्वस्तांची बैठक होती. तोवर दुसरं काही निष्पन्न झालं नाही तर ते नाव काढून टाकायचं आणि पोलिसांत कळवायचं, असं ठरलं होतं. मेलेल्या माणसाला तुरुंगात घालता येत नाही, पण पुसून टाकता येतं.

दुपारच्या पेशंटांची लिस्ट सहकाऱ्याच्या गळ्यात मारून मी म्युझियममध्ये गेलो. खण मला दाखवला तो शॅकलॉकनं. हा तिथला जुना अटेंडंट, चाव्यांचा मालक, नॉटिंगहॅमच्या रिवाजाप्रमाणे येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना लाडानं 'डक' म्हणणारा. ट्रेमध्ये कापसात बासष्ट खळगे, प्रत्येकात एक दाणा, प्रत्येक दाण्यावर काळ्या शाईनं काढलेला मुंगीएवढा नंबर. नऊ खळगे रिकामे. कुणीतरी आजूबाजूचा कापूस हलक्या हातानं ओढून ते झाकले होते.

शशीचा एक कडक नियम होता. खणातून हाड काढलं की त्या जागी चिठ्ठी ठेवायची. चिठ्ठीवर तीन ओळी: कुणी नेलं, कुठे आहे, परत कधी. स्वतः टेबलापर्यंत नेलं तरी चिठ्ठी. इथे चिठ्ठी नव्हती. शेजारच्या खणात त्याच जनावराचं वीतभर नख होतं. कुणी शौकीन संग्राहक त्यासाठी घर गहाण टाकेल. त्याला हातही लागला नव्हता.

मग शशीच का? कारण नोंदवही. सप्टेंबरनंतर तो खण अधिकृतपणे कुणी उघडला नव्हता. चाव्या दोनच. एक डॉ. ओल्डरशॉंच्या तिजोरीत, दुसरी शशीकडे. शशी वारला ९ नोव्हेंबरला, आणि वहीत शॅकलॉकच्या अक्षरात लिहिलं होतं: मिस्टर के (शशीला तो असंच म्हणायचा) यांची चावी परत, ११ नोव्हेंबर. तेव्हापासून तीही तिजोरीतच. म्हणजे जे काही झालं ते शशीच्या हयातीत आणि त्याच्या चावीनं.

शॅकलॉकला मी सरळ विचारलं. तो म्हणाला, मिस्टर के यांनी ही हाडं विकण्याआधी स्वतःचे दात विकले असते. चावी कुणी आणून दिली, तर मिस्टर के यांच्या मुलीनं. तारीख? वहीत आहे ती. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

मी घरी निघालो आणि गाडीच्या दाराशीच थांबलो. शशीचं सामान हॉस्पिटलनं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं होतं. चष्मा, कोट, कोटाच्या खिशात चाव्या. शशीच्या बायकोला, अलकावहिनींना, तिथे पुन्हा पाऊल टाकवेना, म्हणून ती पिशवी सही करून मीच आणली होती, क्रेमॅटोरियमच्या दुसऱ्या दिवशी. पंधरा तारखेला.

अकराला चावी परत येणं शक्यच नव्हतं.

३

शॅकलॉकला तिथल्या तिथे धरायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात एक नाव आधीपासून बसलं होतं, आणि डोक्यात बसलेलं नाव म्हणजे एक्स-रेवरचा अंगठ्याचा ठसा, त्यामागे खरा आजार लपतो.

ते नाव उदय लिमयेचं. पुण्याचा मुलगा, लीड्सला संशोधन करणारा. मिलोडॉन नक्की कधी नाहीसा झाला हे त्याला ठरवायचं होतं, आणि त्यासाठी हाडाचा थोडा भाग दळून प्रयोगशाळेत द्यावा लागतो. त्यानं शशीकडे पाच वेळा मागणी केली. शशीनं पाच वेळा नाही म्हटलं. दोघांचं आमच्याच घरी, श्रीखंडाच्या वाट्या हातात असताना, बरंच वाजलं होतं.

बुधवारी सकाळच्या ट्रेननं मी लीड्स गाठलं. उदयनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि कॉफीचा मग खाली ठेवला.

"काका, मला फक्त एक हाड हवं होतं. नऊ घेऊन मी काय माळ करणार? आणि परमिशन नसलेल्या हाडाची डेट मी पब्लिश कुठे करणार होतो?"

हे बरोबर होतं. इतकं बरोबर होतं की मला माझीच लाज वाटली. मी त्याला गायब झालेले नंबर दिले. त्याच्याकडे शशीच्या सूचीची कच्ची प्रत होती. तो नंबर ताडून बघू लागला, आणि हळूहळू त्याचा चेहरा बदलला.

ही नऊच्या नऊ हाडं अशी होती की ज्यांची मापं, चित्रं, फोटो सगळं पूर्ण झालं होतं. शिवाय प्रत्येकाला ट्रेमध्ये अगदी सारखं दिसणारं जोडीदार हाड होतं. अर्धवट नोंदीचं एकही नव्हतं. मोडकं किंवा वेगळं, अभ्यासाला मोलाचं एकही नव्हतं. ज्ञानाचं कमीत कमी नुकसान व्हावं म्हणून कुणी निवडावीत, तशी ती निवडली होती.

"चोराला सूची पाठ होती," उदय म्हणाला. "काका, राग मानू नका. पण शशीकाकांनीच कुणालातरी शिकवलंय हे."

परतीच्या ट्रेनमध्ये मी खिडकीतून बाहेर पाहत होतो, पण काही दिसत नव्हतं. शशीनं शिकवलेलं माणूस जगात एकच होतं.

४

मंजिरी. शशीची एकुलती एक मुलगी, वय बावीस. लहानपणी दर शनिवारी बापाबरोबर म्युझियममध्ये. इतर मुली बाहुल्यांना निजवायच्या, ही हाडांना कापसात निजवायची. जानेवारीपासून तिथेच ट्रेनी म्हणून लागली होती. तिच्यासाठी त्या इमारतीत अजून बाप होता.

पण तिनं का घ्यावीत? पैशाची तिला ओढ नव्हती. आठवण म्हणून घ्यायचं तर एक पुरलं असतं. आणि बापाच्या नावाला काळं फासलं जात असताना ती गप्प का बसली होती? ते मला उलगडेना. कारण माहीत नसताना पोरीवर बोट ठेवायचं नाही, असं ठरवून मी आधी अलकावहिनींकडे गेलो.

वहिनींनी चहा टाकला आणि गॅसपाशीच उभ्या राहिल्या. त्यांना डॉ. ओल्डरशॉंचं पत्र आलं होतं.

"श्रीनिवास, त्यांचं नाव काढणार का हो ते पुस्तकावरून?"

मी म्हटलं, प्रयत्न चाललाय.

"मला दुसरं काही नको. ह्या देशात त्यांना पेन्शनीत काय मिळालं, प्रमोशन का नाही मिळालं, मी कधी विचारलं नाही. पण तेवढं एक नाव राहू दे."

मग त्या रडल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. त्यांनी मला खारी दिली आणि विषय बदलावा म्हणून गिरीशचं नवं पत्र वाचायला दिलं. गिरीश हा शशीचा धाकटा भाऊ, वाईला असतो, आईजवळ. आई चौऱ्याऐंशीच्या, दृष्टी गेलेली. शशी त्यांना दर पंधरवड्याला आपल्या आंतरदेशीयासारखं एक निळं एरोग्राम लिहायचा आणि त्यात घरच्या बातम्या दोन ओळी, बाकी सगळं जनावर. गिरीश ते मोठ्यानं वाचून दाखवायचा. आई म्हणायच्या, माझ्या नातवंडांपेक्षा मला ह्या जनावराची खबर जास्त.

गिरीशनं लिहिलं होतं: 'आईची तब्येत बरी. पण एक गोष्ट तुम्हांला सांगून ठेवतो. विसर्जनाच्या वेळी आईनं दादाच्या अस्थींमधली एक मागे ठेवली. गुरुजींना ठाऊक नाही. पदराच्या गाठीत बांधून ठेवते, झोपतानाही सोडत नाही. मी बोललो नाही. लहानशी, गुळगुळीत आहे. तिच्यावर काळी बारीक खूण आहे, शाईचा ठिपका पडावा तशी. शास्त्रात बसत नाही हे मला कळतं, पण वहिनी, आई आहे.'

मी पत्र खाली ठेवलं. चहावर साय धरली होती.

नोव्हेंबरात त्या स्वयंपाकघरात मीच वर्तमानपत्र पसरून धरलं होतं. क्रेमॅटोरियमनं दिलेल्या प्लास्टिकच्या डब्यातून वहिनी शशीला तांब्याच्या कलशात ओतत होत्या. पांढुरकी, बारीक रव्यासारखी भुकटी. इथे दहनानंतर जे उरतं ते यंत्रातून दळूनच देतात. ओतताना जराही आवाज झाला नव्हता.

आणि पाच-सहा दिवसांनी, मुंबईहून टॅक्सीनं घाट चढताना, माझ्या मांडीवरचा तो कलश खुळखुळला होता.

५

आता सगळं सांगतो, जसं लागलं तसं.

आपल्याकडे अस्थी घरात ठेवत नाहीत, बाहेर झाडाला टांगतात. वहिनींच्या बागेत एक सफरचंदाचं झाड, पण नोव्हेंबरचा पाऊस. म्हणून फडक्यानं तोंड बांधलेला कलश आम्ही गॅरेजमध्ये सायकलच्या हुकाला टांगला. सोमवारी अठराला टांगला, शनिवारी तेवीसला मी तो घेऊन विमानात बसलो. वहिनी अंथरुणाला खिळल्या होत्या आणि मंजिरी त्यांच्यापाशी, म्हणून मी. बांधलेला कलश वाटेत उघडायचा नाही, म्हणून मी उघडला नाही. विमानतळावर तो एक्स-रेच्या पट्ट्यावरून गेला. तांब्याआड काही दिसलं नाही. तिथल्या माणसानं विचारलं, आत काय आहे. मी म्हटलं, माझा मित्र.

वाईला गिरीशच्या फाटकाशी कलश त्याच्या हातात दिला, आईंच्या पायांवर डोकं ठेवलं आणि त्याच टॅक्सीनं परत फिरलो. शशीला पाण्यात जाताना मला बघवणार नव्हतं. घाटावर गेलो असतो तर त्याच दिवशी सगळं दिसलं असतं. हरवलेलं शोधणारे घैसास. चोरीचा माल सात समुद्र पार मीच नेला होता.

संध्याकाळी मी शॅकलॉकच्या घरी गेलो आणि हॉस्पिटलच्या पावतीची माझी प्रत त्याच्यासमोर ठेवली. म्हातारा बराच वेळ ती वाचत राहिला. मग म्हणाला की चावी वीस तारखेला आली. इतके दिवस चावी बाहेर राहिली हे मिस्टर के यांच्या नावापुढे बरं दिसणार नाही, म्हणून त्यानं अकरा लिहिलं. मुलगी फार रडत होती. बाबांच्या खणांचा निरोप घ्यायचाय म्हणाली. तो चहा आणायला म्हणून गेला आणि मुद्दाम अर्धा तास परत आला नाही.

त्यानं शशीची अब्रू वाचवण्यासाठी तारीख बदलली, आणि त्याच तारखेनं शशी चोर ठरला. मी त्याला दोष देऊ शकत नव्हतो. कारण 'का'चं उत्तर मला तोवर आठवलं होतं.

क्रेमॅटोरियमच्या दुसऱ्या दिवशी आजींनी फोनवर मंजिरीला सांगितलं होतं: त्याच्या अस्थी पाठव, एकदा हातात घेते, म्हणजे मला पटेल. मंजिरीनं मला विचारलं, काका, आजीला हाडं का पाहिजे? आणि मी, माहितीचा सोस असलेला माणूस, तिला सगळी रीत सांगितली. तिसऱ्या दिवशी वेचतात, दुधानं धुतात, आई-बाप त्यांना हात लावतात. शेवटी म्हटलं होतं, हाड हातात आल्याशिवाय आपल्या बायकांना माणूस गेलाय हे खरं वाटत नाही.

मी तिला एवढंच सांगायला विसरलो की इथे भुकटी मिळते, आणि तीही चालते.

६

गुरुवारी सकाळी आठला मंजिरी म्युझियमच्या पायरीवर बसली होती. मी शेजारी बसलो. गिरीशचं पत्र तिच्या हातात दिलं. तिला देवनागरी वाचायला वेळ लागतो. ती बोट फिरवत 'काळी बारीक खूण' पर्यंत आली आणि थांबली.

"थर्टी-एट," ती म्हणाली. "आठ नंबर्स मी ॲसिटोननी काढले. त्याचा निघालाच नाही."

"मंजू, माझ्याकडे यायचंस ना गं."

"काका, तुम्हीच बोलला होता, हाडं नसेल तर आजीला खरं वाटणार नाही. मी डबा उघडला तर नुसता पावडर. पीठ. मी कसा पाठवणार? आजी ब्लाइंड आहे, तिला टच करायला काहीतरी पाहिजे होता." तिनं पत्राची घडी घातली. "बाबांनी त्यांना रोज हात लावला. मला वाटलं, दे आर ऑल्मोस्ट हिम."

मी विचारलं, मग बाबांवर आळ आला तेव्हा गप्प का राहिलीस?

"सांगितलं तर म्युझियम आजीला लिहिणार. मग आजीला कळणार की ती ज्याला धरून झोपते तो ॲनिमल आहे. एका साइडला बाबांचा नाव, दुसऱ्या साइडला आजी. मी रोज ठरवते आणि रोज माझ्याकडून होत नाही."

मी तिला काय ठरव ते सांगितलं नाही. सल्ले देऊन माझं तोंड पोळलं होतं. ती उठली आणि आत गेली. मी मागोमाग.

डॉ. ओल्डरशॉंनी सगळं उभ्यानं ऐकलं. शॅकलॉकही टोपी काढून आत आला आणि तारखेचं स्वतःहून बोलला. बाई दुष्ट नव्हत्या, पण नियमाच्या होत्या. शशीही तसाच होता, म्हणून त्याला त्या आवडायच्या. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. मिस्टर कानिटकरांचं नाव पुस्तकावर राहील. पोलिसांत जाणार नाही, पण मिस कानिटकरांना नोकरी सोडावी लागेल, आणि यापुढे कुठल्याही संग्रहाची चावी त्यांच्या हाती देण्याची शिफारस त्या करू शकणार नाहीत.

तिसरी गोष्ट सांगताना त्या खिडकीकडे वळल्या. आठ हाडं नदीत गेली, ती गेली. पण नववं कुठे आहे हे आता म्युझियमला माहीत आहे. ते परत यायला हवं.

७

शनिवारी सकाळी अलकावहिनींच्या हॉलमध्ये, जिन्याशेजारच्या टेबलापाशी, आम्ही तिघं उभे होतो. वाईला दुपार झाली होती. मी म्हटलं, मी बोलतो. मंजिरी म्हणाली, नको. तिनं रिसीव्हर असा धरला की मलाही ऐकू यावं, शब्द अडला तर सांगता यावा म्हणून.

गिरीशनं आईंना फोनपाशी आणून बसवलं. ख्यालीखुशाली झाली. मग मंजिरीनं डोळे मिटले.

"आजी, मी तुला खोटं दिला. ती हाडं बाबांचा नाही. ते म्युझियममधला..."

"माहीत आहे मला," पलीकडून आवाज आला.

मंजिरीनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकीचं समजलं.

"शशीनं कितीदा लिहिलं होतं गं. वालाच्या दाण्याएवढी हाडं, कातड्यात पेरलेली, एका बाजूला किंचित खोलगट. कलशात हात घातला आणि कळलं. माझं पोर मी नऊ महिने पोटात वाढवलंय, त्याचं हाड मला कळणार नाही?"

"मग तू बोलली का नाही?"

"कुणाला बोलू? तू एवढ्या लांबून पाठवलंस. आधी राग आला, खरं सांगते. मग वाटलं, सहा वर्षं झाली मी त्याला हात लावून. ह्यांना तो रोज लावत होता. माझ्यापेक्षा त्याचा हात ह्यांनाच जास्त ठाऊक." म्हातारा श्वास तारेतून स्पष्ट ऐकू येत होता. "आणि त्या जनावराचं तरी कुणी केलं होतं बाई? इतकी वर्षं पडलंय बिचारं. गिरीशला म्हटलं, एक ओंजळ त्याच्याही नावानं सोड. गिरीशला वाटलं, म्हातारी भ्रमली."

मंजिरीनं रिसीव्हर माझ्या हातात दिला. मीच आईंना म्युझियमचं सांगितलं. मागायला तोंड नव्हतं, तरी मागितलं.

आईंनी पुन्हा विचारून घेतलं.

"त्याच्यावर नंबर आहे म्हणतोस. म्हणजे त्याची जागा असेल तिथे."

"आहे."

"रिकामी ठेवलीय?"

"हो."

"मग पाठवते. ज्याची जागा राखून ठेवलीय त्यानं जागेवर जावं. सगळ्यांचं तेवढं नशीब नसतं."

वहिनी तोवर पहिल्या पायरीवर बसल्या होत्या. नोव्हेंबरपासून त्या आमच्यासमोर रडल्या नव्हत्या, त्या तिथे, डोअरमॅटवर पाय ठेवून, रडल्या. मंजिरी त्यांच्या मांडीवर डोकं घालून बसली आणि मी मूर्खासारखा बंद झालेला फोन कानाला धरून उभा राहिलो.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात रजिस्टर्ड पार्सल आलं. आत जुन्या नऊवारीचा मऊ झालेला कोपरा होता. आईंनी गाठ सोडली नव्हती. पदराचा तेवढा तुकडाच कापून पाठवला होता.

डॉ. ओल्डरशॉंनी त्या एका दिवसापुरतं मंजिरीला आत येऊ दिलं. गाठ इतकी घट्ट बसली होती की तिला सुटेना, मला सुटेना. शेवटी वहिनींनी दातांनी सोडवली. अडतीस नंबरचं हाड त्याच्या खळग्यात गेलं. पाच महिन्यांत ते थोडं काळवंडलं होतं, शेजारच्यांपेक्षा जरा तुकतुकीत दिसत होतं. बाई म्हणाल्या, पुसायला नको, राहू द्या तसंच.

उरलेल्या आठ खळग्यांसाठी मंजिरीनं बापाच्या नियमाप्रमाणे आठ चिठ्ठ्या लिहिल्या. त्याच्याच टेबलावर बसून, त्याच्याच पेननं. पहिल्या ओळीत, कुणी नेलं: मंजिरी कानिटकर. दुसऱ्या ओळीत, कुठे आहे: कृष्णा नदी, वाई.

तिसरी ओळ, परत कधी, तिनं आठही चिठ्ठ्यांवर कोरी सोडली. शॅकलॉकनं खण लोटला आणि चावी फिरवली.